टेबल निघालं समुद्रावर

मुलांनो, वणीच्या एका सातवीतल्या वाचकाचं पत्र आलंय. पत्र छोटंसं, पण प्रश्न चांगला दांडगा! तो लिहितो, "ताईच्या लग्नात अहेराची पाकिटं मोजायला मी बसलो होतो. वरच्या रुपयासाठी कुणीकुणी एक रुपयाच्या कोऱ्या नोटा घातल्या होत्या. त्या नोटेवर समुद्रातलं काहीतरी चित्र आहे. ते जहाज आहे की कारखाना? जहाज असेल तर असं विचित्र का? आणि कारखाना असेल तर तो समुद्रात नेऊन ठेवला कोणी?"

शाब्बास! नोट खर्च करण्याआधी नीट बघणारी मुलं हल्ली कमीच. तुमच्या घरात एक रुपयाची नोट असेल तर आताच काढा. १९९४ साली ही नोट छापणं थांबलं होतं, ते २०१५ साली पुन्हा सुरू झालं. (जाता जाता एक गंमत बघून घ्या. इतर नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते, या नोटेवर मात्र केंद्राच्या अर्थसचिवांची असते.) आता नोट उलटी करा. ते चित्र आहे 'सागर सम्राट'चं. समुद्राच्या तळाला भोक पाडून तेल शोधणारं हे यंत्र. अशा यंत्राला रिग म्हणतात. १९७३ साली जपानमध्ये मित्सुबिशी कंपनीनं ते बांधलं आणि समुद्रमार्गे ते आपल्याकडे आलं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर, भर समुद्रात त्यानं विहीर खणली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तिथं तेल लागलं. त्या जागेला तेव्हा 'बॉम्बे हाय' म्हणत, आता 'मुंबई हाय' म्हणतात. २१ मे १९७६ पासून तिथून तेल काढायला सुरुवात झाली.

म्हणजे आपल्या वाचकाचे दोन्ही अंदाज बरोबर! ते जहाजही आहे आणि कारखानाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की एवढा अवजड कारखाना समुद्रातून न्यायचा कसा?

आधी जमिनीवर बघू. पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद हायवे जातो. तिथल्या मुलांनी ते लांबलचक ट्रेलर नक्की पाहिले असतील. चाकं मोजता मोजता आपण दमतो! वर बसवलेला असतो एखादा राक्षसी ट्रान्सफॉर्मर, नाहीतर पवनचक्कीचं पातं. मालावर एक माणूस लांब बांबू घेऊन बसलेला असतो, रस्त्यात आडव्या आलेल्या विजेच्या तारा वर उचलून धरायला. गाडी मुंगीच्या पावलानं चालते. पूल आला की थांबते, वळण आलं की थांबते, गावातली कमान आली की सगळेच डोकं खाजवतात. एवढा खटाटोप कशासाठी? तर दोनशे-तीनशे टनांसाठी. आणि रिग असते हजारो टनांची. ती ना पुलावरून जाईल, ना बोगद्यातून. तिला एकच रस्ता मोकळा, तो म्हणजे समुद्र. तिथं ना पूल, ना वळण, ना कमान.

"आपल्या जिल्ह्याचा न् समुद्राचा संबंध काय?" असं कुणी म्हणेल. अहो, आहे ना! आजी-आजोबांना 'शकुंतला'बद्दल विचारा. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ती छोटी आगगाडी. ती आता बंद आहे. पण तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली इंग्लंडात मँचेस्टरला बनलेलं होतं. १९२३ पासून ते या रुळांवर धावलं आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं. मँचेस्टरहून यवतमाळला बैलगाडीनं थोडंच आलं असेल? जहाजातून आलं. आणि इथला कापूस त्याच समुद्रावरून उलट दिशेला गेला.

पण इंजिन काय, जहाजाच्या पोटात बसतं. जे जहाजाच्या पोटातच काय, पाठीवरही मावत नाही, त्याचं काय करायचं?

त्यासाठी रिग कशी असते ते समजून घेऊ. मुंबई हायसारख्या उथळ समुद्रात वापरतात त्या रिगचं सोपं चित्र म्हणजे टेबल. वरची फळी म्हणजे पोकळ लोखंडी पेटी, आणि तिला तीन किंवा चार उंचच उंच पाय. हे पाय फळीतून आरपार जातात आणि मोटारींनी वरखाली करता येतात. पायांना दातेरी पट्ट्या असतात, त्यांत दातेरी चाकं फिरतात. मुक्कामाला पोचलं की पाय खाली सोडायचे. ते समुद्राच्या तळावर टेकले की मोटारी चालूच ठेवायच्या. आता पाय खाली जाऊ शकत नाहीत, म्हणून फळीच वर चढू लागते! पाण्यातून सुटून लाटांच्याही वर जाऊन थांबते. झालं टेबल उभं. काम संपलं की उलटा क्रम. फळी पाण्यात उतरते, तरंगते, आणि पाय वर उचलले जातात.

आता हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. खाली तरंगणारी पेटी आणि वर आकाशात गेलेले शंभर-शंभर मीटर उंचीचे लोखंडी पाय. बैलगाडीत शिडी उभी धरून कुणी शेतातून निघावं तसा प्रकार! जरा गाडी हलली की शिडीचं टोक हातभर झुकणार.

जवळ जायचं असेल तर रिग अशीच पाण्यातून ओढत नेतात. ओढणाऱ्या बोटीला टग म्हणतात. ती दिसायला छोटी, पण अंगात भलतीच ताकद. दोन-तीन टग मिळून रिग ओढतात. वेग किती, तर तासाला आठ-दहा किलोमीटर. तुम्ही सायकलवर सहज पुढे निघून जाल. मधला पोलादी दोर मात्र शेकडो मीटर लांब ठेवतात. आता तुम्ही म्हणाल, आखूड दोर जास्त मजबूत नाही का? इथंच खुबी आहे. लांब, जड दोर आपल्याच वजनानं मध्ये झोळीसारखा लोंबतो. लाटेनं टग पुढे झेपावली, की आधी ती झोळी ताणली जाते आणि हिसका तिथंच जिरतो. दोर आखूड असता तर तोच हिसका थेट बसला असता आणि दोर तटकन तुटला असता. झोळीतलं बाळ हिसका न बसता झुलतं ना, थोडंसं तसंच.

पण वादळ आलं तर? २५ नोव्हेंबर १९७९ ला चीनच्या बोहाई आखातात 'बोहाई-२' नावाची अशीच पायांची रिग ओढून नेत असताना वादळात उलटली. तिच्यावर ७४ माणसं होती. त्यातली ७२ गेली.

लांबच्या प्रवासासाठी म्हणूनच दुसरी युक्ती वापरतात, आणि ती तुम्हाला पुस्तकापेक्षा नदीकाठी लवकर समजेल. उन्हाळ्यात पैनगंगेच्या डोहात म्हैस बसते. नुसतं नाकाड आणि शिंगं वर. एखादं पोरगं पोहत येतं आणि अलगद तिच्या पाठीवर जाऊन बसतं. मग म्हैस उठते. पोरगं आपोआप पाण्याबाहेर! त्याला ना चढावं लागलं, ना कुणी उचलावं लागलं.

अगदी अशीच जहाजं असतात. पुढे खोल्या आणि चालकाची जागा, मागे नुसती सपाट मोकळी पाठ. जहाजाच्या पोटात मोठमोठ्या टाक्या असतात. त्यांत समुद्राचं पाणी भरलं की जहाज जड होऊन खाली बसतं आणि ती सपाट पाठ कितीतरी मीटर पाण्याखाली जाते. मग टग रिगला ढकलत, ओढत बरोबर त्या पाठीच्या वर आणून उभी करतात. पाठीवर आधीच लाकडी ओंडके मांडून ठेवलेले असतात, म्हणजे लोखंडावर लोखंड घासत नाही आणि वजन सगळीकडे सारखं पडतं. आता टाक्यांतलं पाणी पंपानं बाहेर काढायचं. म्हैस उठू लागते... आणि रिग कोरडी ठणठणीत, जहाजाच्या पाठीवर! मग तिला चारही बाजूंनी लोखंडी आधार वेल्डिंग करून जखडून टाकतात.

'ब्लू मार्लिन' नावाचं असं एक प्रसिद्ध जहाज होतं. त्याची सपाट पाठ १७८ मीटर लांब आणि ६३ मीटर रुंद. शेतीच्या हिशेबात सांगायचं तर जवळजवळ पावणेतीन एकर! २००० साली स्फोटात भोक पडलेली 'यूएसएस कोल' ही अमेरिकेची युद्धनौका त्यानं पाठीवर बसवून घरी नेली. २००४ साली तर कमालच झाली. 'थंडर हॉर्स' नावाचा सुमारे ६०,००० टनांचा तेलाचा तराफा त्यानं दक्षिण कोरियाहून अमेरिकेतल्या टेक्सासला पोचवला. नऊ आठवडे लागले. हाच माल दहा-दहा टनांच्या ट्रकांत भरला असता तर सहा हजार ट्रक लागले असते. एका ट्रकाला दहा मीटर जागा धरा आणि करा गुणाकार. रांगेचं एक टोक यवतमाळात असेल, तर दुसरं पांढरकवड्याच्या जवळपास पोचेल.

आता परत आपल्या समुद्रात येऊ. विहीर खणून झाली की रिग निघून जाते. पण तेल काढायला तिथं कायमचं काहीतरी उभं हवं ना? मग तिथं मचाण बांधतात. हो, मचाणच! ज्वारी राखायला शेतात बांधतो, तेच. फरक एवढाच, की तिथलं पाणीच साधारण ७०-८० मीटर खोल आहे. म्हणजे मचाणाचे पाय पंचवीस मजली इमारतीएवढे. या लोखंडी पायांच्या सांगाड्याला जॅकेट म्हणतात. (आपण थंडीत घालतो ते नव्हे!) मुंबई बंदरासमोरच्या न्हावा इथं माझगाव डॉकच्या यार्डात अशी जॅकेटं बांधली गेली. गुजरातेत हजिराला लार्सन अँड टुब्रोच्या यार्डातही बांधतात.

सांगाडा बांधायचा जमिनीवर, तोही बहुतेकदा आडवा झोपवून, आणि न्यायचा बार्जवरून. बार्ज म्हणजे सपाट तळाची, पेटीसारखी नौका. तिला बहुधा स्वतःचं इंजिन नसतं. सगळ्यात घाम फोडणारं काम असतं ते धक्क्यावरून बार्जवर सरकवण्याचं. हजारो किलो नव्हे, हजारो टन! जॅकेटचं पुढचं टोक बार्जवर आलं, की बार्जचं ते टोक खाली दबणार. मग त्याच वेळी, तेवढंच पाणी त्या टोकाच्या टाक्यांमधून बाहेर काढावं लागतं. बरं, समुद्र तरी स्थिर आहे का? यवतमाळच्या मुलांनी भरती-ओहोटी पाहिलेली नसते म्हणून सांगतो. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सहा तासांत पाणी चार मीटरहून जास्त चढतं किंवा उतरतं. म्हणजे धक्का जागेवर, पण बार्ज मात्र दर मिनिटाला वर किंवा खाली. पंपावरच्या माणसांनी भरती, ओहोटी आणि वजन या तिघांचा हिशेब एकाच वेळी सांभाळायचा. चूक झाली तर जॅकेट मध्येच मोडायचं. आपल्याला गणितात उदाहरणं येतात ना, एका नळानं हौद भरतो आणि दुसऱ्यानं रिकामा होतो? ती उदाहरणं काढणाऱ्यांची मला पूर्वी गंमत वाटायची. इथं मात्र लोक तेच गणित सोडवून पगार घेतात.

न्हाव्याहून मुंबई हायपर्यंतचा प्रवास साधारण दिवसाभराचा. तिथं बार्ज एका बाजूला कलती करून जॅकेट पाण्यात घसरवतात, नाहीतर प्रचंड क्रेननं उचलतात. त्याचे पाय पोकळ आणि बंद असतात म्हणून ते तरंगतं. मग ठरावीक पायांत पाणी सोडलं की आडवं जॅकेट हळूहळू उभं राहतं. लोटा पाण्यात कसा एका बाजूनं भरत जाऊन उभा होतो, तसं. मग पायांमधून लांब लोखंडी खांब तळात ठोकून त्याला घट्ट रोवतात. वरचा माळा कधी क्रेननं चढवतात, कधी आपल्या म्हशीच्या युक्तीनं. पण उलटी बरं का! माळा घेतलेली बार्ज जॅकेटच्या पायांच्या मध्ये शिरते, टाक्यांत पाणी भरून हळूच खाली बसते, आणि माळा पायांवर टेकतो.

हे सगळं वाचून वाटेल, की यात मोठी गोष्ट म्हणजे ताकद. मला विचाराल तर तसं नाही. मोठी गोष्ट आहे थांबणं. असा माल धक्का सोडण्याआधी विम्याच्या वतीनं एक तपासनीस येतो. तो वेल्डिंग बघतो, दोर बघतो, टगची ताकद बघतो आणि पुढच्या दिवसांचा हवामानाचा अंदाज बघतो. त्यानं सही केल्याशिवाय बार्ज निघत नाही. एका दिवसाच्या खोळंब्याचा खर्च कोटीत जाऊ शकतो, सगळे घड्याळाकडे बघत असतात, आणि हा माणूस सांगतो, "आज नाही." तुमच्या घरी शेती असेल तर हे तुम्ही ऐकलेलं असेल. मृगाचे चार थेंब पडले, शेजाऱ्यानं पेरलं, आपणही पेरायचं की अजून थांबायचं? आजोबा आकाशाकडे बघतात आणि म्हणतात, "थांबा." पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, मुंबई हायवर उभारणीची असली कामं बहुतेक बंदच असतात.

थांबणं किती महत्त्वाचं आहे ते मे २०२१ मध्ये कळलं, तेही फार महाग पडून. तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रातून वर सरकत होतं. हवामान खात्याचे इशारे आलेले होते. मुंबई हायजवळ 'पी-३०५' नावाची बार्ज नांगरून उभी होती. मचाणांवर काम करणारे कामगार तिच्यावर राहत. २६१ माणसं होती. वादळात तिचे नांगर सुटले. स्वतःचं इंजिन नाही, त्यामुळे वारा नेईल तिकडे ती वाहत गेली, एका मचाणावर आदळली, आत पाणी शिरलं आणि १७ मेच्या संध्याकाळी ती बुडाली. माणसं लाइफ जॅकेट घालून अंधारात, खवळलेल्या पाण्यात तासन् तास तरंगत राहिली. नौदलाच्या 'आयएनएस कोची' आणि 'आयएनएस कोलकाता' या नौका त्या वादळात शिरल्या आणि एकेकाला वर ओढून घेऊ लागल्या. 'वरप्रदा' नावाची टगही त्याच वादळात बुडाली. तिच्यावर १३ जण होते. दोन्ही मिळून २७४ माणसांपैकी १८८ वाचली, ८६ गेली. बार्ज वेळेवर बंदरात का परतली नाही, हा प्रश्न तेव्हा साऱ्या देशानं विचारला. आपल्या घरी गॅस पेटतो, गाडी चालते, त्यामागे अशी माणसं असतात. त्यांची नावं कुठल्या नोटेवर छापलेली नसतात.

आणि 'सागर सम्राट'चं काय झालं? म्हातारा झाला म्हणून भंगारात गेला असेल, असं वाटलं ना? मुळीच नाही! त्याला समुद्रमार्गे आखाती देशात नेऊन त्याचं रूपच पालटून टाकलं. आता तो विहिरी खणत नाही. विहिरीतून वर आलेलं तेल आणि वायू हाताळण्याचं काम करतो. डिसेंबर २०२२ पासून तो मुंबईच्या समुद्रात या नव्या नोकरीवर रुजू झालाय.

आता थोडा हात ओला करायचा उद्योग. एक बादली पाणी घ्या. स्टीलचा ग्लास पाण्याखाली नेऊन त्यातली हवा पूर्ण जाऊ द्या आणि तो उपडा करून तळाशी ठेवा. एक पातळ, स्वच्छ प्लास्टिकची नळी घ्या. नवीनच घ्या. फवारणीच्या पंपाची नळी, कितीही धुतलेली असली तरी, तोंडाला मुळीच लावू नका. मोठ्यांना दाखवून मगच सुरुवात करा. नळीचं टोक ग्लासाखाली सारा आणि हळूहळू फुंका. हवा शिरेल, पाणी बाहेर पडेल आणि ग्लास तळ सोडून वर येईल. म्हैस उठली!

आता ग्लासाच्या बुडावर एक खडा ठेवून पुन्हा फुंका. मग दोन खडे, मग तीन. कधीतरी ग्लास कलेल, बुडबुडे भकाभक निघून जातील आणि सगळं तळाशी जाईल. मग खडे अगदी मधोमध ठेवून बघा, एका कडेला ठेवून बघा, घाईनं फुंकून बघा, सावकाश फुंकून बघा. तुमचा ग्लास कितव्या खड्याला आणि कशामुळे कलंडला, ते पोस्टकार्डावर लिहून पाठवा. आणि हो, बादलीतलं पाणी फेकू नका, कुंडीतल्या तुळशीला घाला.